खाली ठेवलेला सुरा

बाजाराच्या टोकाला, जिथे भाजीचा वास संपतो आणि रक्ताचा सुरू होतो, तिथे भट्टीचं दुकान होतं. भट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आईबापांबरोबर गेलं आणि उरलं ते बाजारानं ठेवलेलं. राग आला की आधी त्याचे कान लाल व्हायचे, मग मान, मग डोळे. लाली डोळ्यांपर्यंत चढली की समोरच्यानं पळावं, दुसरा इलाज नव्हता. वजनात खोट काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यानं तराजूसकट गटारात बसवलं होतं. ते गिऱ्हाईक पुढे वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच मटण नेत राहिलं, कारण त्याच्यासारखा हात त्या बाजारात दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्या हाताचं काय सांगावं! बोकडाच्या मानेवर डावा पंजा ठेवायचा, कानामागे हलकेच खाजवायचं, आणि जनावराला बरं वाटत असतानाच उजवा हात आपलं काम करून मोकळा व्हायचा. जनावर ओरडायचं नाही. पाय झाडायचं, ते झाडणं हळूहळू थकायचं, आणि फरशीतल्या पन्हळीतून रक्त मोरीकडे निघायचं, कुणी वाट दाखवल्यासारखं. मग आकड्याला टांगायचं, कातडं उतरवायचं, पोट उघडायचं. आतून वाफ यायची. त्या वाफेतच तो लहानाचा मोठा झाला होता.

सुरा बापाचा होता. घासून घासून पातं बोटभर उरलेलं, मूठ शिंगाची, हाताच्या घामानं काळी पडलेली. बाप बोलायचा कमी आणि मारायचा जास्त. धंद्याचा जो जो कायदा त्यानं शिकवला, तो तो अंगावर उठवून शिकवला. पहिला कायदा असा, की सुरा कधी कुणाच्या हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा. हातातून हातात सुरा पुढे केला तर त्याचा अर्थ एकच, ये, तुझी माझी आत्ताच होऊन जाऊ दे. भट्टी आणि त्याचा धाकटा भाऊ पोरवयात हे विसरले तेव्हा बापानं दोघांच्याही बोटांच्या पेरांवर पात्याची पाठ अशी हाणली होती, की आठवडाभर दोघांना आईनं भरवलं.

दुसरा कायदा आईनं सांगितला, आणि तो सांगताना तिनं मारलं नव्हतं. घरातल्या माणसाचं रक्त घरातल्याच सुऱ्यानं सांडलं, तर तोंडानं माफी मागून भागत नाही. ज्यानं घाव खाल्ला त्यानं तोच सुरा खाली ठेवायचा. ज्यानं घाव घातला त्यानं तो उचलायचा, पाव कापायचा आणि पहिला घास समोरच्याला भरवायचा. तोवर ते दोघे एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

हे ऐकताना दोघं भाऊ हसले होते.

ती दुपार भट्टीला रोज आठवायची. दुकानामागच्या खोलीत निखारे फुललेले, सळईवर ताजी कलेजी, वर नुसतं जाड मीठ. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धूर उठायचा, आणि त्या धुराला असा वास, की पोट भरलेला माणूसही पुन्हा मांडी घालून बसावा. पाव अख्खाच होता. कांदा फोडलेला. दोघांचं ताट एकच, लहानपणापासून.

धाकट्याला परदेशात जायचं होतं. हे आठवडाभर चाललं होतं.

"जा ना," भट्टी म्हणाला. "तिथे जाऊन लोकांची भांडी घास. इथे बापाचं दुकान आहे ते लागतंय टोचायला."

"दुकान तुझं आहे, दादा. मी नुसता तुझ्या हाताखालचा."

"बापानं मला दिलं, कारण मला काम येतं."

"बापानं तुला दिलं, कारण तू त्याच्यासारखा आहेस. माणसाशी आणि बोकडाशी एकच भाषा."

कान लाल झाले. "जास्त बोलू नकोस. पाव काप."

धाकट्यानं सुरा उचलला. पावाला लावला नाही. ताटावरून हात लांब केला आणि पातं भट्टीच्या छातीकडे करून म्हणाला, "घे. तूच काप."

पुढचं भट्टीलाही नीट सांगता यायचं नाही. एवढंच खरं, की सुरा त्याच्या हातात आला, एकदा फिरला, आणि धाकट्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पावावर पडली. पाव रक्त पीत राहिला. ओरडलं कुणीच नाही. धाकट्यानं मटण झाकायचं फडकं हाताला गुंडाळलं, आपली दोन बोटं पावावरून उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि बाहेर पडला. डॉक्टरला ती बोटं काही शिवता आली नाहीत. हाताची जखम भरल्यावर तो गेला तो थेट परदेशी.

त्यानंतर भट्टीनं कलेजी विकली, तोंडाला लावली नाही.

वर्षं गेली. दोघांच्या डोक्यावरचे केस पिकले. आणि एका सकाळी बायको फोन घेऊन दुकानात आली. ती कधी दुकानात यायची नाही, तिला फरशीचा तो ओलेपणा सहन व्हायचा नाही. "बोला," ती म्हणाली. "तुमचा भाऊ आहे."

"दादा," फोनमधला आवाज म्हाताऱ्याचा होता. "माझी छाती उघडणार आहेत. हृदयाचं काहीतरी आहे. उठेन की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाही. त्याआधी येशील? सुरा घेऊन ये."

भट्टी खेकसला. "डॉक्टरला म्हणावं, हात धुऊन काप. आणि मी येईपर्यंत धीर धर म्हणावं."

जाण्याआधी बायकोनं त्याला दाराच्या चौकटीत अडवलं. ही बाई त्याला भ्यायची नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं सांगून टाकलं होतं, तुमचा हात बोकडावर पडला, भावावर पडला. माझ्यावर पडला तर सुरा मी उचलेन. तो हात कधी पडला नव्हता. "माझ्या गळ्याची शपथ घ्या," ती म्हणाली. "भाऊजींना भेटेपर्यंत कुणावर हात उगारायचा नाही."

"आणि कुणी आगाऊपणा केला तर?"

"हात खिशात ठेवायचे."

सुरा तिनंच चरबीच्या फडक्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवला. ती बॅग विमानाच्या पोटात जाते एवढं तिला ठाऊक होतं.

विमानतळावर भट्टी हात खिशात घालून शिरला आणि पहिल्याच शिपायानं सांगितलं, "हात बाहेर काढा." काढले. मग बूट काढा म्हणाले, काढले. पट्टा काढायला लावला, तेव्हा मात्र कान गरम झाले, कारण त्याच पट्ट्यावर तो रोज सुऱ्याला धार लावायचा आणि त्याच्याशिवाय पँट कमरेवर राहायची नाही. एका हातानं पँट धरून, दुसरा वर करून तो त्या चौकटीतून गेला. चौकट किंचाळली. पुन्हा जा. पुन्हा किंचाळली. एक पोरगेलासा शिपाई त्याच्या काखेत, मांड्यांत, घोट्यात चाचपू लागला. जनावर घेताना भट्टी असंच चाचपायचा, मांस किती निघेल ते बघायला.

"काही निघालं का?" त्यानं विचारलं.

"गप्प उभे राहा, काका."

गप्प राहिला. बायकोचा गळा डोळ्यांपुढे आणला.

विमान वेळेवर सुटेना. कारण कुणी सांगेना. माणसं काचेच्या त्या मोठ्या कोंडवाड्यात बसून होती, पोरं रडत होती, एका टकल्या गृहस्थानं काउंटरवर मूठ आपटली तेव्हा भट्टीची मूठ खिशातच वळली. मधल्या विमानतळावर पोचेपर्यंत पुढचं विमान गेलं होतं. लोखंडी खुर्च्यांवर पाठ मोडेपर्यंत बसवलं, मग दुसऱ्या विमानाचा कागद हातात दिला. तिथे पाव मिळाला तो गोड, चहा मिळाला तो खारट. भट्टीला वाटलं, आपली जीभच कुणीतरी काढून ठेवली.

विमानात जेवण आलं. चंदेरी झाकणाखाली कोंबडीचा तुकडा. त्यानं काट्यानं टोचून पाहिला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "हिला कुणी मारली नाही. ही कंटाळून मेली." म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. पाकिटात काटा होता, चमचा होता, सुरी नव्हती. भट्टीनं हवाईबाईला बोटानं कापायची खूण केली. तिनं प्लास्टिकची एक सुरी आणली आणि हसत त्याच्यापुढे धरली.

भट्टीनं हात खिशात घातले.

"घ्या ना," म्हातारा म्हणाला.

"तिला सांगा, खाली ठेव म्हणावं."

म्हाताऱ्यानं सांगितलं. बाईनं न समजून सुरी ताटलीत ठेवली. मग भट्टीनं ती उचलली. ती कोंबडी त्या सुरीनं कापली गेली नाही.

पोचला तेव्हा डोळ्यांत वाळू, पायांना सूज, पोटात खड्डा. पण बॅग आली होती. एवढ्या घोळात ती आली याचंच त्याला नवल वाटलं, आणि बरंही वाटलं. पलीकडे काचेचं दार होतं. ते उघडायचं, मिटायचं. उघडलं की पलीकडे उभी माणसं दिसायची, फुलं घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन. त्या माणसांत एक पिकलेलं डोकं आणि उंच केलेला हात. हाताला तीन बोटं.

"धाकट्या!" भट्टी ओरडला. दार मिटलं.

तेवढ्यात एका अधिकाऱ्यानं त्याच्या बॅगेवर हात ठेवला आणि बाजूच्या टेबलाकडे खूण केली. तरुण, गोरटेला, दाढी कोरलेली. बॅग उघडली. सदरे बाजूला केले. चरबीचं फडकं उलगडलं, नाक मुरडलं. मग मूठ धरून त्यानं सुरा उचलला, पातं भट्टीच्या छातीकडे केलं, हात लांब केला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. आवाज चढा होता.

कान, मान, डोळे, सगळं एकदमच. भट्टीला टेबल दिसेना. निखारे दिसले, ताट दिसलं, आणि ताटावरून पुढे झालेलं ते पातं.

बोकडाचा पाय सांध्यातून काढताना जसा पिळतात तसं त्यानं ते मनगट पिळलं. कड असा आवाज झाला. सुरा फरशीवर पडला. भट्टीच्या दुसऱ्या हातानं त्या कोरलेल्या दाढीवाल्याचं डोकं मागून धरलं आणि टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. मग चहूकडून बूट आले. दंडुका गुडघ्यामागे बसला, तो खाली गेला. कुणाचा तरी गुडघा मानेवर आला. तोंड फरशीला दाबलं गेलं आणि पुढचा दात तुटून जिभेवर आला. फरशीवरून त्याला दिसलं, ते दार पुन्हा उघडलं होतं. धाकटा पुढे धावत होता आणि लोक त्याला मागे ओढत होते.

दार मिटलं.

त्याला बसवलं ती खोली पांढरी होती. टेबल फरशीला ठोकलेलं, खुर्ची फरशीला ठोकलेली. हात बांधलेले. काही वेळानं एक बाई आली, त्याची भाषा बोलणारी. तिचं कामच ते होतं, इकडचं तिकडे सांगायचं.

"काय केलंत हे, काका?"

"त्यानं सुरा पुढे केला. छातीवर. तुम्ही सगळ्यांनी बघितलं."

"तो विचारत होता, हे कशासाठी आणलंय. एवढंच."

"विचारत होता?"

"त्यांच्याकडे वस्तू दाखवून विचारतात. तुमच्यात सुरा धरला की काय होतं, ते त्या बिचाऱ्याला कसं ठाऊक असणार?"

भट्टीनं हनुवटी खांद्याला घासली. दाताच्या खळग्यातून रक्त हनुवटीवर येत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"कुठला हात मोडला त्याचा?"

"उजवा."

बाईनं पुढचं सांगितलं. खटला भरत बसण्यापेक्षा परत पाठवणं यांना सोपं वाटतंय. पुढच्याच विमानानं जायचं. सुरा जप्त. आणि या देशात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही, कधीच.

"बाई," भट्टी म्हणाला, आणि हा माणूस उभ्या जन्मात कुणाला असं म्हणाला नव्हता, "पाया पडतो. बाहेर माझा भाऊ आहे. उद्या त्याची छाती कापणार आहेत. तो उठला नाही तर मी त्याचा कुणीच नसताना तो जाईल. एकदा आत येऊ द्या त्याला."

ती गेली. बाहेर तिचा आवाज चढला, दुसऱ्या कुणाचा चढला, मग पुन्हा तिचा. भट्टी ऐकत बसला. शब्द कळत नव्हते, पण बाजारात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला घासाघीस कळते.

दार उघडलं. धाकटा आत आला, मागे दोन शिपाई. भट्टी उठायला गेला, बांधलेला असल्यामुळे अर्धाच उठला. धाकटा सरळ त्याच्यापाशी आला आणि त्या तीन बोटांची मूठ करून त्यानं भट्टीच्या फुटक्या तोंडावर हाणली.

शिपाई धावले. धाकट्यानं दोन्ही हात वर केले, "झालं, झालं," म्हणाला आणि धापा टाकत समोर बसला.

"हा कशाचा?" भट्टीनं रक्त थुंकून विचारलं.

"इतक्या वर्षांनी आलास आणि उंबऱ्यावरच तमाशा केलास, त्याचा."

"म्हणजे बोटांचा बाकीच आहे."

"तो राहू दे. डॉक्टरनं जोर करायला मनाई केलीय."

"हा बिनजोराचा होता होय?"

धाकट्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात तो रडलाही. एका शिपायानं भट्टीचे हात सोडले. मग धाकट्यानं कोटाच्या आतून चांदीसारख्या कागदाचं पुडकं काढलं, आणि एक पाव, अख्खा. पुडकं उलगडलं तशी ती पांढरी खोली धुरकट वासानं भरली. कलेजी. निखाऱ्यावरची. इथे त्याची छोटी खाणावळ होती आणि लोक हीच खायला यायचे, हे भट्टीला आज कळत होतं.

तो घास घेईना. आधी मनातलं बाहेर काढायचं होतं.

"धाकट्या, मला आज कळलं. त्या पोरानं काही मनात न आणता सुरा पुढे केला आणि मी त्याचा हात मोडला. त्या दिवशी तूही तसाच दिला होतास ना? भुकेच्या नादात, न कळत? मी उगाच..."

"नाही."

"काय नाही?"

"मी मुद्दाम दिला होता, दादा." धाकट्याचा आवाज अगदी सपाट होता. "सकाळपासून ठरवून. तू हात पुढे केलास की मी पातं तुझ्या नरड्यात घालणार होतो. बापाचं दुकान, बापाचा सुरा, बापाचा मार, सगळं एकदाच संपवणार होतो. तुझा हात माझ्याआधी पोचला, एवढंच. इथे सगळ्यांना सांगत आलो, भावानं बोटं तोडली. मी काय करणार होतो, ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. उद्याच्या आधी तुला सांगायचं होतं. म्हणून बोलावलं."

भट्टी वाट बघत राहिला. कान गरम होतील, मान तापेल. काहीच झालं नाही. बोकडाचं पोट उघडल्यावर वाफ निघून जाते आणि मग नुसतं थंड मांस उरतं, तसं आत काहीतरी थंड झालं.

"मग बरोबरच तोडली म्हणायची," तो म्हणाला.

"बरोबरच. पण एक पुरे होतं. दोन जास्त झाली."

"सुरा कुठाय आता! सरकारजमा."

टेबलाच्या कोपऱ्यात एक खोकं पडलं होतं. अशा अडकलेल्या माणसांना द्यायचं विमानातलं जेवण. धाकट्यानं ते उघडलं, उष्टावल्यासारखी ती कोंबडी बाजूला सारली आणि तळातून प्लास्टिकची पांढरी सुरी काढली. क्षणभर ती त्याच्या तीन बोटांत राहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग धाकट्यानं ती टेबलावर ठेवली, मूठ भट्टीकडे करून, आणि हात मागे घेतला.

भट्टीनं ती उचलली. पावाला लावून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं, हाड असल्यासारखा जोर दिला. सुरी कट्‌दिशी मोडली. शिपायांसकट सगळे दचकले. उरलेल्या थोटक्यानं तो पाव करवतीसारखा कापत राहिला, कसाबसा तुकडा निघाला, त्यात कलेजी धरून त्यानं धाकट्याच्या तोंडात घातली. मग स्वतः खाल्ली. मीठ तुटक्या दाताच्या जागी चरचरलं आणि त्याचे डोळे मिटले.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"इथली माणसं कमी खातात."

"माणसं आहेत की आजारी?"

"त्या पोराला काय सांगू? ज्याचा हात मोडलास त्याला?"

भट्टीनं घास गिळला. "त्याला तुझ्याकडे जेवायला घाल. हात बरा होईपर्यंत. मी घातलंय समज."

शिपायांनी घड्याळ दाखवलं. दारात धाकटा थांबला. "शुद्धीवर आलो की फोन करतो. नाही आला तर समजून घे."

"समजायचं काही नाही. फोन कर."

परतीच्या विमानात त्याला शेवटच्या रांगेत खिडकीशी बसवलं, शेजारी एक शिपाई, तो लगेच झोपला. ओठ सुजलेला, मनगटांवर वळ. जेवण आलं. चंदेरी झाकण, तीच कंटाळून मेलेली कोंबडी, काटा, चमचा. भट्टीनं हवाईबाईला बोटानं कापायची खूण केली. ती गेली, सुरी घेऊन आली आणि झोपलेल्या शिपायावरून हात लांब करून तिनं ती त्याच्यापुढे धरली. पातं त्याच्याकडे.

भट्टीचे हात खिशात गेले. बाई हसत थांबली. तिचा हात हवेत अवघडला होता, मागचे लोक जेवणासाठी खोळंबले होते, आणि ती नुसती विचारत होती.

त्यानं हात बाहेर काढले आणि तिच्या हातातून सुरी घेतली.

पोरवयानंतर पहिल्यांदाच त्यानं कुणाच्या हातातून पातं न भांडता घेतलं होतं. पेरांवर कुणी काही हाणलं नाही. "थँक्यू, बाई," तो म्हणाला, आणि त्या चिवट कोंबडीला कानामागे खाजवल्यासारखं हळूच काट्यानं धरून, जोर न लावता कापू लागला.